उंबरठ्यापासून स्थानकापर्यंत

मुंबई ते अहमदाबाद या अतिवेगवान रेल्वेमार्गाची लांबी सुमारे ५०८ किलोमीटर आहे, त्यावर बारा स्थानके आहेत, गाडीचा वेग ताशी ३२० किलोमीटर राहावयाचा आहे, आणि मोजक्या थांब्यांची गाडी हे अंतर दोन तास सात मिनिटांत, तर सर्व थांबे घेणारी गाडी तीन तासांच्या किंचित आत तोडील, हा तपशील १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमतीस पायाभरणी झाली तेव्हापासून इतक्या वेळा प्रसिद्ध झाला आहे की तो आता सुशिक्षित वाचकास तोंडपाठ असावा. परंतु हा मार्ग नेमका किती माणसांच्या आवाक्यात येणार, आणि ती माणसे कोणत्या गावची, कोणत्या पाड्यावरची, असा प्रश्न कोणी उपस्थित केला, तर त्याचे उत्तर किलोमीटरांच्या हिशेबातून निघत नाही. त्यासाठी निराळ्या जातीचा नकाशा लागतो. रेल्वेचा नित्याचा नकाशा रूळ कोठून कोठे गेले एवढे दाखवितो. आपल्याला हवा असलेला नकाशा माणूस घरातून निघाल्यापासून गाडीत बसेपर्यंत किती वेळ जातो, आणि तेवढ्या वेळाच्या आत किती माणसे राहतात, हे दाखविणारा असला पाहिजे. या प्रकरणात त्या नकाशाची रीत, त्याचे गुण आणि विशेषतः त्यात घडणाऱ्या चुका यांचा विचार करावयाचा आहे. कारण या चुका कारकुनी नसून त्यांच्यामुळे हजारो कुटुंबे कागदोपत्री सुखी आणि प्रत्यक्षात वंचित राहू शकतात.

अंतराऐवजी वेळ मोजून नकाशा काढण्याची कल्पना जुनी आहे. १८८१ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे जगाचा एक नकाशा मांडला. आगाऊ तजवीज करून निघालेला प्रवासी लंडनहून कोणत्या प्रदेशात किती दिवसांत पोचेल, हे त्याने दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांनी, पाच रंगांत दाखविले होते. समान वेळेच्या हद्दी दाखविणाऱ्या अशा रेषांना आपण समकालरेषा म्हणू. त्यानंतर सातच वर्षांनी, १८८८ मध्ये, फ्रान्सच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील एमिल शेसाँ या अभियंत्याने त्या खात्याच्या आलेखसंग्रहात याहून धाडसी प्रयोग केला. पॅरिसला केंद्र कल्पून, १६५० पासून १८८७ पर्यंत प्रवासाचा काळ जसजसा घटत गेला तसतशी त्याने फ्रान्सची सीमारेषाच आत ओढून घेतली, त्यामुळे एकाच पानावर एकात एक बसलेले, उत्तरोत्तर लहान होत गेलेले अनेक फ्रान्स वाचकाच्या दृष्टीस पडतात. घोडागाडीच्या काळातला विस्तीर्ण देश आगगाडीच्या काळात पॅरिसच्या कुशीत कसा आला, हे समजावून सांगण्यास त्या चित्रास शब्दांची गरज उरली नव्हती.

या दोन्ही नकाशांत एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे माणसांची संख्या. गाल्टनच्या नकाशावर सहारा आणि गंगेचे खोरे यांना रंग सारख्याच न्यायाने मिळतो. तेथे कोण राहते याची दखल नाही. प्रवासाचा वेळ आणि लोकवस्ती या दोन थरांना एकमेकांवर ठेवून त्यांतून एक आकडा काढण्याचे शास्त्र विसाव्या शतकाच्या मध्यास आकारास आले. १९५९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर हॅन्सेन याने असे प्रतिपादन केले की एखाद्या ठिकाणाची पोहोच म्हणजे तेथून गाठता येणाऱ्या सर्व संधींची बेरीज होय, मात्र प्रत्येक संधीचे वजन ती जितकी दूर असेल तितके घटवीत गेले पाहिजे. त्याच वर्षी डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा याने जाळ्यातील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग हुडकण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्याच आधारावर आणि तिच्या सुधारलेल्या रूपांवर आजची बहुतेक मार्गशोधक यंत्रे चालतात. या दोहोंच्या आधाराने आज कोणत्याही जिल्ह्याचा, कोणत्याही स्थानकाभोवतीचा नकाशा थोड्या वेळात सिद्ध होऊ शकतो. साधने इतकी सुलभ झाली असताना चुका होतात त्या गणितात नव्हे, तर गणिताला कोणता प्रश्न घालावा हे ठरविण्यात होतात.

सर्वांत प्रचलित चूक वर्तुळाची आहे. स्थानकावर कंपासाचे टोक ठेवावे, पन्नास किलोमीटरांच्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे, आतली लोकसंख्या मोजावी आणि इतक्या लोकांना या स्थानकाचा लाभ होणार असे जाहीर करावे, ही रीत अहवाल लिहिणाऱ्यांना सोयीची असली तरी भूगोलाला ती मान्य नाही. बोईसर स्थानकाभोवती असे वर्तुळ काढून पाहावे: त्याचा बराचसा भाग अरबी समुद्रात जातो, आणि पूर्वेकडे ते जव्हारच्या डोंगराळ मुलखापर्यंत पोचते. वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे आणि विरार या तीन स्थानकांभोवतीची वर्तुळे तर एकमेकांवर इतकी चढतात की बोरिवलीचा एकच नागरिक तिन्ही स्थानकांच्या लाभार्थींत तीनदा मोजला जातो. अशी मोजणी केली की बेरीज फुगते, आणि ज्याला एकदाही गाडीत बसावयास मिळणार नाही त्याची उणीव ज्याला तीनदा मोजले त्याच्या नावावर झाकली जाते.

विरारच्या उत्तरेस वैतरणेची खाडी आहे. विरारभोवती काढलेले वर्तुळ ही खाडी सहज ओलांडते आणि पलीकडची सफाळ्याच्या बाजूची गावे आपल्या पोटात घेते. सरळ रेषेत ही गावे खरोखरीच जवळ आहेत; पण रस्त्याने यावयाचे तर माणसाला पूर्वेकडे राष्ट्रीय महामार्गापर्यंत जाऊन, पूल ओलांडून पुन्हा पश्चिमेकडे यावे लागते, आणि नाही तर सफाळ्याला येऊन पश्चिम रेल्वेच्या गाडीची वाट पाहावी लागते. २०२५ मध्ये खारवाडेश्री आणि विरारजवळचे मारंबळपाडा यांच्यामध्ये वाहने वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा हा लांबचा फेरा काही मिनिटांच्या जलप्रवासावर आला. वर्तुळाच्या नकाशात या बोटीने काहीही बदल होत नाही, कारण वर्तुळाच्या लेखी ती गावे आधीपासूनच जवळ होती. समकालरेषेचा नकाशा मात्र एका दिवसात पालटतो. रुळाची एकही पट्टी न टाकता स्थानकाची पोहोच वाढू शकते, ही गोष्ट जो नकाशा दाखवू शकत नाही तो नियोजनाच्या कामी निरुपयोगी समजावा.

दुसरी चूक नावाची आहे. स्थानकाला ज्या शहराचे नाव दिले त्या शहराची सारी लोकसंख्या त्या स्थानकाच्या खात्यावर टाकण्याची प्रवृत्ती नकाशांत सर्रास आढळते. या मार्गावरील ठाणे स्थानक ठाणे शहराच्या गजबजलेल्या जुन्या स्थानकाशेजारी नसून दिवा आणि डोंबिवलीच्या बाजूस म्हातार्डी येथे नियोजित आहे. म्हणजे नौपाड्यातल्या माणसापेक्षा दिव्याच्या चाळीतल्या माणसाला ते अधिक जवळचे ठरेल, परंतु ठाण्याच्या नावाने केलेल्या हिशेबात दिव्याचा उल्लेख बहुधा येणार नाही. सुरतेचे स्थानक शहराबाहेर अंत्रोलीस आहे. २०११ च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या चव्वेचाळीस लाखांवर होती, आणि त्यांतील प्रत्येक माणसाला अंत्रोली गाठण्यास लागणारा वेळ निराळा आहे. आणंदचे स्थानक उत्तरसंडा गावाजवळ आहे. याउलट बडोदे आणि अहमदाबाद येथे नवी स्थानके जुन्या रेल्वे स्थानकांना जोडूनच उभारली जात आहेत, आणि माझ्या मते या मार्गाच्या आखणीतील सर्वांत शहाणपणाचा भाग तोच आहे; कारण तेथे पोहोचण्याची जुनी वहिवाट, म्हणजे रिक्षा, बस, लोकल, पायवाट, हे सारे आयते मिळते आणि नव्या स्थानकाला लोकांच्या पायाखालची वाट नव्याने पाडावी लागत नाही.

गावाबाहेरच्या स्थानकाचे काय होते याचे दाखले इतर देशांनी पुष्कळ दिले आहेत. फ्रान्समध्ये पॅरिसहून उत्तरेकडे जाणारा अतिवेगवान मार्ग लील शहरातून नेला गेला, त्यात लीलचे महापौर आणि माजी पंतप्रधान पिएर मोरवा यांच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. आमियाँ शहर त्यामुळे मार्गापासून दूर राहिले, आणि त्याची भरपाई म्हणून आमियाँ आणि सें-काँतँ या दोन शहरांच्या मध्ये, शेतमळ्यांत, ओत-पिकार्दी नावाचे स्थानक १९९४ मध्ये उघडण्यात आले. भोवती साखरेच्या बीटाची शेते असल्यामुळे लोकांनी त्याला बीटाचे स्थानक असे नाव दिले, आणि ते नाव टिकले. दोन्ही शहरांना समान अंतरावर ठेवण्याच्या प्रयत्नात ते दोन्ही शहरांपासून दूर झाले, शिवाय कोणत्याही साध्या रेल्वेमार्गाशी त्याची गाठ पडली नाही. वर्तुळाच्या नकाशावर मात्र तेथे दोन शहरे येतात, म्हणून ते भरभराटीचे स्थानक दिसते.

स्पेनमध्ये दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. १९९२ मध्ये माद्रिद ते सेविला हा पहिला अतिवेगवान मार्ग सुरू झाला, तेव्हा सियुदाद रेआल या मध्यम आकाराच्या प्रांतिक शहराला स्थानक मिळाले; माद्रिद तासाभराच्या आत आले, कामावर रोज जाऊन-येऊन करणाऱ्यांसाठी वेगळ्या गाड्या आणि पासाची व्यवस्था झाली, आणि राजधानीत राहणे परवडत नसलेल्या शिक्षकांपासून अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांनी तो मार्ग आपलासा केला. ग्वादालाहारा या माद्रिदच्या अधिकच जवळच्या शहराला २००३ मध्ये स्थानक मिळाले ते शहरापासून सुमारे दहा किलोमीटरांवर, येबेस गावाच्या हद्दीत. स्थानकाभोवती वाल्देलुस नावाची सुमारे तीस हजार वस्तीची नवी नगरी उभी राहणार होती, परंतु २००८ च्या आर्थिक अरिष्टात तिचे बांधकाम अर्ध्यावर थांबले. आणि जुन्या शहरातील माणसाला माद्रिदला जाण्यासाठी गावातूनच सुटणारी उपनगरी गाडी हाताशी असल्याने दहा किलोमीटर उलटे जाऊन महाग तिकीट काढण्याचे त्याला प्रयोजन उरले नाही. दोन्ही शहरांच्या भोवतीचा आकडा पाहिला तर ग्वादालाहाराचे पारडे जड दिसावे. प्रत्यक्षात घडले ते याच्या उलट. ज्याने त्या शहरातल्या माणसाला आज कोणता पर्याय उपलब्ध आहे हे विचारले नाही, त्याला हे उलटे घडणे कळणार नाही.

जपानचा दाखला मुंबई-अहमदाबाद मार्गाच्या बाबतीत विशेष उद्बोधक आहे, कारण १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झालेला तोक्यो ते शिन-ओसाका हा पहिला शिंकान्सेन मार्ग ५१५ किलोमीटरांचा होता आणि आरंभी त्यावरही बाराच स्थानके होती. पूर्वी सर्वांत जलद गाडीला साडेसहा तास लागत, ते प्रथम चारांवर आणि पुढल्याच वर्षी तीन तास दहा मिनिटांवर आले. पण त्या बारांतली सर्वच स्थानके पहिल्या दिवसापासून लोकांच्या आवाक्यात होती असे नाही. गिफू शहरासाठी म्हणून दिलेले गिफू-हाशिमा स्थानक शहरापासून बरेच दूर भातशेतीत होते. त्याला शहराशी जोडणारी मेइतेत्सु कंपनीची रेल्वेशाखा १९८२ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी झाली. शिन-योकोहामा हेही योकोहामाच्या शहरमध्यापासून दूर, शेतीच्या भागात होते. तेथे आरंभी फक्त सर्व थांबे घेणारी कोदामा गाडी थांबे, १९७६ पासून काही जलद हिकारी गाड्या थांबू लागल्या, १९८५ मध्ये शहराची भुयारी रेल्वे तेथे पोचली, आणि २००८ पासून तर सर्वांत जलद नोझोमी गाड्याही सर्वच्या सर्व तेथे थांबतात. स्थानक एकच, रूळ तेच, जागा तीच. परंतु चव्वेचाळीस वर्षांत त्याची पोहोच अनेक पटींनी वाढली ती थांब्यांच्या वेळापत्रकाने आणि जोडमार्गांनी. मार्गावर नंतर आणखी पाच स्थानके वाढली, त्यांतले मिशिमा १९६९ मध्ये.

थांब्यांचा हा विषय नकाशाकारांकडून सर्वाधिक उपेक्षिला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे. रेल्वेचा मार्ग गावावरून जातो आणि गाडी गावात थांबत नाही, ही स्थिती आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगावी लागणार नाही. शहापूर आणि मोखाडा तालुक्यांतील धरणांचे पाणी मोठमोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईला जाते, आणि त्या वाहिन्यांच्या कडेच्या कित्येक पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन विहिरीच्या शोधात फिरतात. सर्व थांब्यांची गाडी आणि मोजक्या थांब्यांची गाडी यांच्यात मुंबई-अहमदाबाद मार्गावर सुमारे पन्नास मिनिटांचा फरक आहे. गर्दीच्या वेळी दर वीस मिनिटांनी आणि एरवी दर अर्ध्या तासाने गाडी सोडण्याची योजना आहे. परंतु त्यांतली प्रत्येक गाडी बोईसरला किंवा बिलीमोऱ्याला थांबेल असे नाही, आणि म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलासमोर उभ्या असलेल्या माणसाला वीस मिनिटांनी गाडी आणि बोईसरच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला त्याहून बऱ्याच उशिरा गाडी, असा भेद वेळापत्रकात दडलेला राहील. नकाशाने प्रत्येक स्थानकाला एकाच आकाराचा ठिपका दिला तर तो भेद तेथेच पुसला जातो. युरोपीय संघाच्या लेखापरीक्षकांनी २०१८ साली आपल्या अहवालात अतिवेगवान मार्गांच्या आराखड्यातील वेगाची आणि प्रत्यक्षातल्या वेगाची तुलना केली, आणि गाड्यांचा प्रत्यक्ष सरासरी वेग आराखड्यातील वेगाच्या निम्म्याहूनही कमी असल्याचा निष्कर्ष काढला.

आता माणसांच्या मोजणीकडे येऊ. मुंबई-अहमदाबाद मार्गाचा सुमारे १५६ किलोमीटरांचा भाग महाराष्ट्रात असून त्यांतला मोठा हिस्सा पालघर जिल्ह्यातून जातो. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेच्या दप्तरात पालघर नावाचा जिल्हाच नाही. तेथे एक कोटी दहा लाख लोकवस्तीचा अविभक्त ठाणे जिल्हा आहे. तालुके वेगळे काढून बेरीज केली तर पालघरच्या वाट्यास सुमारे तीस लाख माणसे येतात, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या वसई तालुक्यात आहेत. म्हणून जो नकाशा संपूर्ण जिल्ह्याला एकच रंग देईल, त्यात वसई-विरारच्या इमारती आणि मोखाड्याचे पाडे यांची सरासरी निघेल, आणि ती सरासरी दोन्ही ठिकाणी खोटी असेल. तालुका हे एकक घेतले तर चित्र थोडे सुधारते, गाव घेतले तर अधिक. परंतु जव्हार-मोखाड्यात गाव म्हणजे महसुली दप्तरातले एक नाव असून प्रत्यक्षात ते डोंगरउतारांवर विखुरलेल्या पाच-सहा पाड्यांचे असते, आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जाण्यास ओढा ओलांडावा लागतो. उपग्रहांवरून छपरे ओळखून प्रत्येक किलोमीटर-चौकटीत लोकवस्ती वाटून देणारे जागतिक नकाशासंच आज सहज मिळतात, पण कारवीच्या कुडाची, झाडीत दडलेली घरे त्यांच्या नजरेतून निसटण्याचा धोका मोठा आहे.

आणि माणसे स्थिरही नसतात. दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, रेतीच्या आणि बांधकामाच्या कामांवर वसई, भिवंडी, ठाणे या बाजूंना उतरतात, आणि पावसाच्या तोंडावर भातलावणीसाठी परततात. २०११ ची लोकगणना फेब्रुवारीत झाली, म्हणजे नेमकी या स्थलांतराच्या ऐन हंगामात. त्या वेळी एखादे कुटुंब मोखाड्याच्या घरात मोजले गेले की भिवंडीच्या भट्टीवर, यावर त्या कुटुंबापासून अतिवेगवान रेल्वे किती दूर आहे याचे उत्तर अवलंबून राहते. खरे तर या माणसांसाठी एक नकाशा पुरणार नाही. पावसाळ्याचा एक आणि उन्हाळ्याचा एक असे दोन लागतील.

जव्हारहून बोईसरजवळच्या बेटेगाव येथील नियोजित स्थानकाचे सरळ रेषेतले अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे. प्रत्यक्षात जव्हारच्या एसटी स्थानकावरून निघालेल्या प्रवाशाला विक्रमगड, मनोर अशा वळणांच्या रस्त्याने खाली उतरावे लागते, आणि बसची वाट पाहण्याचा वेळ धरून या प्रवासात दोन तास सहज जातात. तेवढ्या वेळात बोईसरहून निघालेली अतिवेगवान गाडी बडोद्यास पोचलेली असेल. तो प्रवासी जव्हारचा नसून आतल्या एखाद्या पाड्यावरचा असला तर एसटीपर्यंतची पायपीट आणखी वेगळी. वेळेच्या या हिशेबात पैशाचा हिशेब मिसळला म्हणजे पोहोच आणखी आकुंचन पावते. शिंकान्सेनमध्येही साध्या भाड्यावर जलद गाडीचा अधिभार भरावा लागतो, आणि ज्याचा दिवसाचा रोजगार त्या अधिभारात बुडतो त्याच्या दृष्टीने स्थानक दाराशी असले तरी ते दूरच राहते. सध्या मुंबई-अहमदाबाद प्रवासाला वंदे भारत गाडीने सुमारे साडेपाच तास लागतात, आणि साध्या गाड्यांनी त्याहून अधिक. बोईसर, डहाणू, वापी या बाजूंचे हजारो लोक रोज त्या साध्या गाड्यांनीच ये-जा करतात. त्यांची आजची सोय नव्या मार्गाच्या नादात घटली, तर पोहोचीच्या नकाशावर तीही वजा दाखविली पाहिजे.

देशातील पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा मुक्रर झाला आहे, आणि सुरतेच्या परिसरातला मार्गाचा पहिला टप्पाही २०२७ मध्येच खुला करण्याचा सरकारचा मानस जाहीर झालेला आहे. सोळा वर्षांच्या जुन्या आकड्यांवर उभे राहिलेले अंदाज बाजूला ठेवून, नव्या गावनिहाय आकड्यांवर पालघर जिल्ह्याचा तरी पाडावार, ऋतुवार आणि वेळापत्रकाला धरून नकाशा तयार करण्याची ही योग्य संधी आहे. महाराष्ट्रातली स्थानके उघडण्यास अद्याप अवकाश आहे. या अवकाशात मोखाडा, जव्हार आणि विक्रमगड येथून बेटेगावला सरळ जाणारी एसटी किती वाजता सुटावी, ती मनोरला कोणत्या बसला जोडून असावी, आणि पावसाळ्यात कोणत्या पुलावरून पाणी गेले की ती बंद पडते, हे त्या नकाशावरून आजच ठरविता येईल, आणि त्यासाठी या मार्गाकरिता घेतलेल्या जपानी कर्जाच्या एका रुपयाचीही जरुरी नाही.